ॲक्युपंक्चर: बिंदू नेमकाच हवा, की जवळपास कुठेही टोचलं तरी भागतं?

रामबागकर
राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर... इंदुरातल्या कुठल्याही बागेत सकाळी फिरायला जा, बिंदू दाबले जावेत म्हणून तळहाताला मेथीदाणे चिकटवलेली मंडळी दिसतातच. योगवर्गाच्या भिंतीवर तक्ता असतो आणि त्यात एकेका बिंदूपुढे दहा-बारा आजार. गुडघ्याखालचा एसटी-३६, म्हणजे आमाशयाच्या रेषेवरचा छत्तिसावा बिंदू, घ्या: अपचन, थकवा, गुडघेदुखी, प्रतिकारशक्ती, सगळं त्याच्याच खात्यात.

ॲक्युपंक्चर मुळात चालतं की नाही, हा वाद इथे नको. त्यावर भरपूर धुणी धुऊन झाली आहेत. माझा प्रश्न बारीक आहे. अमुक बिंदू अमुक त्रासावर चालतो आणि तिथून दोन बोटं सरकलं की चालत नाही, असं कुणी नीट मोजलंय का?

आणि जाता जाता: खंडवा रस्त्याला भेरू घाटात ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी मनगटाचे पट्टे मिळतात. घ्यावेत का?

शंकासुर
बिंदू ३६१, आजार हजारभर. प्रत्येकाला तीन-तीन वाटून दिले की झालं, कुणी उपाशी राहणार नाही.

सुईदोरा
शंकासुर, ३६१ हा आकडाही कायमचा नाही. तिसऱ्या शतकात चीनच्या ह्वांगफू मी यांनी ३४९ बिंदू नोंदवले, १६०१ च्या संकलनात ३५९ झाले, १८१७ मध्ये ३६१. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रमाण जागा छापल्या, त्याआधी चीन, जपान आणि कोरियाची माणसं काही वर्षं बसून भांडत होती. ९२ बिंदूंवर मतभेद होते, ८६ मिटले, सहा तसेच राहिले. त्या सहांत सायटिकासाठी सर्रास वापरला जाणारा नितंबावरचा जीबी-३० आहे, तळव्यातला पीसी-८ आहे. म्हणजे 'नेमका बिंदू' म्हणताना कुणाचा नेमका, हे आधी विचारावं लागतं.

आता मापाबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. माप इंचात नाही, 'त्सुन'मध्ये असतं, आणि त्सुन रुग्णाच्या शरीराचा असतो. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत १२ त्सुन, मग हात लांब असो की आखूड. अंगठ्याच्या सांध्याची रुंदी १ त्सुन, अंगठा सोडून चार बोटं जोडली की ३. बोटं रुग्णाचीच घ्यायची. धिप्पाड उपचारकाने स्वतःची चार बोटं एखाद्या किरकोळ आजींच्या पायावर ठेवली तर एसटी-३६ सहज दीड-दोन सेंटीमीटर खाली जातो. शक्यतो बोटांनी मोजूच नये, दोन हाडांच्या खुणांमधलं अंतर समान भागांत वाटावं. एसटी-३६ म्हणजे गुडघा वाकवल्यावर वाटीखाली बाहेरच्या बाजूला जो खड्डा पडतो त्याच्या ३ त्सुन खाली, नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. सुई नडगीच्या पुढच्या स्नायूत जाते. धारेला फार चिकटून टोचली तर हाडाच्या आवरणाला लागते आणि रुग्ण पाय झटकतो. ती काही 'ऊर्जा' नव्हे.

कोपरखळी
ॲक्युपंक्चर आपल्या सोलापूरच्या कोटणिसांनी आणलं ना भारतात?

सुईदोरा
नाही हो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून गेले ते युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परत येऊन इथे सुरू केली. श्रेय त्यांचं.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे. सगळ्यात मोठे आकडे जर्मनीचे आहेत, कारण तिथल्या आरोग्य विम्याला पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचं होतं.

कंबरदुखी, २००७, रुग्ण ११६२, तीन गट. पहिल्याला पारंपरिक बिंदूंवर ५ ते ४० मिलिमीटर खोल सुया, फिरवून 'दची' (सुईभोवती जाणवणारी जड, बधिर संवेदना) आणलेली. दुसऱ्याला बिंदू मुद्दाम टाळून, फक्त १ ते ३ मिलिमीटर वरवर टोचलेल्या, न फिरवलेल्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार: औषधं, व्यायाम, फिजिओ. सहा महिन्यांनी सुधारलेले अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के. अर्धशिशीची २००५ ची चाचणी बघा, रुग्ण ३०२: खरे बिंदू ५१ टक्के, नकली जागा ५३, नुसतं प्रतीक्षायादीत ठेवलेले १५.

दोन्हींत दरी कुठे आहे ते पाहा. सुई टोचली आणि टोचली नाही यांत ती मोठी आहे. इथे टोचली की तिथे, यात जवळपास नाही.

शंकासुर
म्हणजे निकाल लागला. धागा बंद करा, पोहे खायला चला.

सुईदोरा
इतकी घाई नको. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांच्या मूळ नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा जुनाट दुखण्यात खरं ॲक्युपंक्चर नकलीपेक्षा सरसच निघालं. फरक लहान, पण योगायोग म्हणून सोडून देण्याइतका नाही.

आकडेमोड
मान्य, फरक आहे. पण तो बिंदूचाच आहे हे कशावरून? नकली गटात एकाच वेळी जागा बदलली, खोली बदलली, सुई फिरवणं बंद केलं, संवेदना गेली, आणि टोचणाऱ्याला सगळं ठाऊक असल्यामुळे त्याचा आवेशही गेला. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या जागेला देता येत नाही. जागेचाच गुण तपासायचा असेल तर सुई तीच, खोली तीच, फिरवणं तेवढंच, संवेदना तेवढीच आणि फक्त पत्ता वेगळा, अशी चाचणी हवी. तशा चाचण्या थोड्या आहेत.

नसानाडी
सुई फिरवण्याचा मुद्दा आकडेमोड यांनी ओझरता घेतला, पण तो फार मोठा आहे. अमेरिकेतल्या हेलेन लँजेविन यांच्या गटाने २००१ मध्ये ६० निरोगी माणसांत सुई बाहेर ओढायला किती जोर लागतो ते यंत्राने मोजलं. एकाच दिशेला फिरवलेली सुई न फिरवलेलीपेक्षा १६७ टक्के जास्त घट्ट धरली गेली, दोन्ही दिशांना मागेपुढे फिरवलेली ५२ टक्के. बिंदूवर आणि बिंदूबाहेर यातला फरक मात्र १८ टक्के. कारण साधं आहे: फिरवताना त्वचेखालच्या संयोजी ऊतीचे तंतू सुईभोवती गुंडाळले जातात आणि आजूबाजूचा भाग ताणला जातो. बिंदू बहुधा दोन स्नायूंच्या मधल्या पडद्यावर पडतात, तिथे ही ऊत जास्त असते, म्हणून ते १८ टक्के. म्हणजे जागेला किंमत आहे, पण हात कसा चालतो त्याला तिच्या कैकपट.

सुई अडकते ती याचमुळे. नवशिका एकाच दिशेला फिरवत राहतो आणि काढताना त्वचा तंबूसारखी वर येते. ओढायचं नाही. उलट दिशेला हळू फिरवायची, आजूबाजूला बोटाने चोळायचं, तरी नाही सुटली तर दोन सेंटीमीटरवर दुसरी सुई टोचून थोडं थांबायचं. स्नायू ढिला पडतो.

अडुळसा
हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच. सुश्रुताची १०७ मर्मं पाहा, बरेच बिंदू तिथेच पडतात.

नसानाडी
अडुळसा, जागा जुळतात म्हणून उपयोग जुळत नाही. सुश्रुताने शारीरस्थानात मर्मांचं वर्गीकरण केलंय ते तिथे इजा झाली तर काय होईल यावरून. सद्यःप्राणहर (लगेच मृत्यू) १९, कालांतरप्राणहर (काही काळाने मृत्यू) ३३, विशल्यघ्न (रुतलेलं शल्य काढलं की मृत्यू) ३, वैकल्यकर (व्यंग) ४४, रुजाकर (वेदना) ८. शल्यकर्म करणाऱ्याने शस्त्र कुठे चालवू नये, त्याची ती यादी आहे. टोचून बरं करण्याची नव्हे.

अडुळसा
वर्गीकरण मान्य. तरी हाताने मर्मांचा अभ्यंग सांगितला आहेच, सुई न लावता.

भुलतज्ज्ञ
ज्या एका बिंदूवर भुलेच्या क्षेत्रात खरोखर काम झालंय, त्याबद्दल. पीसी-६, मनगटाच्या आतल्या बाजूला. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी. कॉक्रेन या चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण होते. नकली उत्तेजनाच्या तुलनेत मळमळीचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी, उलटीचा ४० टक्क्यांनी. उलटीविरोधी औषधांशी तुलना केली तर दोन्ही सारखेच. नकलीशी तुलनेचा पुरावा मात्र त्यांनी स्वतःच कमी दर्जाचा ठरवला आहे, हे झाकून ठेवत नाही.

इथे त्रास एक, बिंदू एक आणि मोजायची गोष्टही ढळढळीत आहे. उलटी झाली की नाही, त्यात मताला जागा कमी. पाठदुखीच्या 'आज किती दुखतंय, दहापैकी सांगा' यापेक्षा खूप बरं. म्हणून बिंदूच्या बाजूने बोलायचं तर पीसी-६ वरच बोला, बाकीचा तक्ता राहू द्या.

शंकासुर
पण भुलतज्ज्ञ, पीसी-६ च्या बरोबर खाली मीडियन नस (नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) आहे ना? मग बिंदू चालतो की नस?

भुलतज्ज्ञ
बरोबर पकडलंत. दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधे ती तिथेच असते. भूल देताना स्नायूंचा शिथिलपणा तपासायला नसेला विजेचे झटके द्यावे लागतातच. ते नेहमीच्या, करंगळीकडच्या अल्नर नसेऐवजी मीडियन नसेवर दिले तर मळमळ-उलटीचा त्रास कमी होतो का, हेही तपासून झालंय. तेव्हा 'पीसी-६' आणि 'मनगटापाशी मीडियन नस' ही एकाच जागेची दोन नावं असू शकतात.

नसानाडी
याचंच सगळ्यात स्वच्छ उदाहरण मूत्राशयाचं. वारंवार, घाईची लघवी. एसपी-६ हा बिंदू आतल्या घोट्याच्या ३ त्सुन वर, तिथे पूर्वापार मूत्रविकारांसाठी टोचतात. १९८० च्या दशकात त्यावरूनच मूत्ररोगतज्ज्ञांना घोट्याजवळून तळव्याकडे जाणाऱ्या टिबियल नसेला वीज देण्याची कल्पना सुचली. आज ती पद्धत ठरून गेली आहे: ३४ गेजची बारीक सुई, आतल्या घोट्याच्या सुमारे ५ सेंटीमीटर वर, नडगीच्या किंचित मागे, ६० अंशांच्या कोनात. दुसरा इलेक्ट्रोड त्याच पायाच्या तळव्याला. २० हर्ट्झ, बैठक ३० मिनिटांची, आठवड्याला एक, एकूण १२. अमेरिकेत २२० रुग्णांत नकलीशी तुलना झाली (२०१०): बरीच सुधारणा ५४.५ टक्क्यांत, नकली गटात २०.९.

जागा बरोबर आली हे कळतं कसं? तक्त्यावरून नाही. करंट वाढवताना अंगठा खाली वळतो किंवा तळव्यात मुंग्या येतात. तसं झालं नाही तर सुई काढून अर्धा सेंटीमीटर मागे घ्यायची आणि पुन्हा पाहायचं. इथे जागा सेंटीमीटरच्या हिशोबात मोजली जाते, आणि मोजणारी असते ती नस.

आकडेमोड
+१. उलट बाजूचंही एक ठेवून देतो. १९९८ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध आला: पायाच्या करंगळीच्या नखाजवळचा बीएल-६७, जो परंपरेने डोळ्यांसाठी सांगतात, तिथे टोचलं की मेंदूतलं दृष्टीचं केंद्र पेटतं, असा दावा एमआरआयच्या चित्रांसकट. 'बिंदूगणिक गुण' याचा हा हुकमी पुरावा म्हणून वर्षानुवर्षं दाखवला गेला. २००६ मध्ये मुख्य लेखकासह अनेकांनी तो मागे घेतला, आणि निदान वेदनाशमनापुरता तरी बिंदूंना नेमका असा गुण नाही असं लिहून दिलं. तक्ते विकणाऱ्यांच्या भाषणांत पहिली बातमी अजून येते, दुसरी येत नाही.

मावशी_पलासिया
बीएल-६७ म्हणजे तोच ना, बाळ पायाळू असेल तर ज्याला शेक देतात?

सुईदोरा
हो मावशी, तोच. शेक द्यायची कांडी मोक्साची असते, म्हणजे आर्टेमिसियाच्या सुकवलेल्या पानांची; आपला दवणा त्याच कुळातला. कांडी पेटवून त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरतात, प्रत्येक करंगळीला १५ मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा, आठवडा-दोन आठवडे. १९९८ च्या चीनमधल्या चाचणीत पहिलटकरणी २६०. ३५ व्या आठवड्यात बाळ डोक्याकडून वळलेलं, शेकवाल्या गटात ७५.४ टक्के आणि दुसऱ्यात ४७.७.

आकडेमोड
आणि दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं. दुसऱ्या बोटाला शेक दिला असता तर बाळ वळलं असतं की नाही, हे त्यातून कळतच नाही. पुढे जिनिव्हात २१२ जणींवर करून पाहिलं तेव्हा १८ विरुद्ध १६ टक्के. काही फरक नाही.

मावशी_पलासिया
बरं झालं विचारलं. सातव्या महिन्यातल्या एकीच्या घरी हेच चाललंय.

भुलतज्ज्ञ
मावशी, शेक घेताहेत तर घेऊ दे, पण ३६ आठवड्यांच्या सुमाराला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे बाळ बाहेरून हाताने वळवण्याबद्दल विचारायला सांगा. ती वेळ निघून जाता कामा नये. आणि पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर कांडी विझवून थेट दवाखाना.

कोपरखळी
मेथीदाण्यांचं काय झालं? रामबागकरांनी सुरुवात तिथून केली होती.

शंकासुर
आमाशय कानावरही आहे, तळहातावरही, तळपायावरही आणि गुडघ्याखालीही. एका आमाशयाला चार पत्ते, पोस्टमन बिचारा.

आकडेमोड
विनोद आहे, पण मुद्दाही आहे. कानाचा नकाशा फ्रान्सच्या नोझिए यांनी १९५७ मध्ये मांडला, चिन्यांनी त्यावरून आपला केला आणि दोन्हींत कित्येक अवयव वेगवेगळ्या जागी आहेत. दोन्ही नकाशांनी टोचून रुग्णांना सारखंच बरं वाटत असेल तर फरक नकाशाचा नाही. कोकेनच्या व्यसनावर कानातल्या ठरावीक बिंदूंची २००२ मध्ये मोठी चाचणी झाली, ६२० जण, तीन गट: खरे बिंदू, कानाच्याच कडेवर बिनकामाच्या जागा, आणि नुसत्या विश्रांतीच्या चित्रफिती. तिघांत फरक नाही.

मेथीदाण्याने इजा फारशी नाही. ओल्या हाताला चिकटपट्टी दोन-तीन दिवस ठेवली की कातडी पांढरी पडून सोलते, एवढंच. मधुमेह्यांनी तळपायाला मात्र मुळीच लावू नये. बधिर पायाला दाणा रुतलेला कळत नाही.

नसानाडी
आकडेमोड, एक भर घालतो, नाहीतर 'जागेला शून्य अर्थ' असं वाटेल. २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटाने उंदरांवर दाखवलं की मागच्या पायात एसटी-३६ च्या जागी कमी तीव्रतेची वीज दिली, ०.५ मिलिअँपिअर, तर मेंदूतून पोटाकडे उतरणाऱ्या व्हेगस नसेमार्फत मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी जागी होते आणि शरीरातला दाह कमी होतो. पोटावरच्या एसटी-२५ ला तेवढीच वीज दिली तर होत नाही. कारण ते काम करणारे ठरावीक चेतातंतू पायाच्या खोल पडद्यांत आहेत, पोटाच्या पडद्यांत नाहीत. म्हणजे प्रदेशाला अर्थ आहे आणि त्याचं कारण दाखवता येतं. पण ते उंदरांत, आणि विजेने. बागेतल्या दाण्यावर ते लावू नका.

शंकासुर
मग 'पॉइंट डिटेक्टर' पेनं का विकतात? बिंदूवर टेकवलं की टूं टूं वाजतात.

नसानाडी
ती त्वचेचा विद्युतरोध मोजतात. पेन जोरात दाबलं की रोध उतरतो, त्याच जागी जास्त वेळ धरलं की उतरतो, घाम असला की उतरतो, आधी एकदा टेकवलेल्या जागी पुन्हा टेकवलं तरी उतरतो. मे महिन्यात इंदुरात पंखा बंद करून करा, अख्खा हात वाजेल.

सुईदोरा
जागा चुकली तर गुण येवो न येवो, इजा नक्की येते, तेवढं लिहून ठेवतो. जीबी-२१, मानेचा मणका आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये. त्याच्या खाली फुफ्फुसाचं टोक असतं. तिथे सुई सरळ खाली घालायची नसते. स्नायू चिमटीत उचलून आडवी, पुढून मागे. सडपातळ माणसात थोडी जास्त खोल गेली तरी फुफ्फुसाला भोक पडतं, आणि त्रास बहुधा काही तासांनी सुरू होतो: छातीत टोचणं, धाप. अशा वेळी 'गॅस असेल' म्हणत बसू नये, एक्स-रे काढावा. छातीच्या मधल्या हाडावरच्या सीव्ही-१७ ला काहींच्या हाडात जन्मतःच भोक असतं आणि मागे हृदय असतं, म्हणून तिथे सुई कायम आडवीच.

सुया एकदाच वापरायच्या, पाकीट रुग्णासमोर फोडायचं, वापरलेल्या पांढऱ्या अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात टाकायच्या. २०१६ पासून जैववैद्यकीय कचऱ्याचा तसा नियमच आहे. ज्या ठिकाणी सुया उकळून पुन्हा वापरतात तिथे बिंदू कितीही अचूक असले तरी उठून यावं.

संपादक मंडळ
धाग्यातली माहिती वाचून कुणी चालू औषधं परस्पर बंद करू नयेत. 'अमुक आजाराला कुठला बिंदू' अशा विचारणा व्यक्तिगत निरोपातही करू नयेत. बाकी चालू द्या.

रामबागकर
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. म्हणजे जिथे खाली ठरावीक नस आहे तिथे जागेला किंमत, जुनाट दुखण्यात फारशी नाही, तक्त्यावरच्या बाकी रकान्यांना कुणी हातच लावलेला नाही. भेरू घाट मात्र राहिला.

भुलतज्ज्ञ
शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या आणि गाडी लागणं या वेगळ्या गोष्टी. हे पट्टे पीसी-६ च दाबतात. गाडी लागण्यावर त्यांचे निकाल उलटसुलट आहेत, पण पट्ट्याने अपाय नाही, तेव्हा हौस असेल तर घ्या. दवा बाजारात मिळाला नाही तर ऑनलाइन मिळतो.

लावायचा असा: तळहात वर, मनगटाच्या घडीवर ज्याला लावायचा त्याचीच मधली तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कोपराकडच्या कडेला, दोन कंडरांच्या मधे बटण आलं पाहिजे. कंडरा दिसत नसेल तर अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवा. काहींना मधली कंडरा नसतेच, त्यांनी अंगठ्याकडची जी ठळक दिसते तिच्या लगेच करंगळीकडच्या बाजूला बटण घ्यावं. पट्टा दोन्ही हातांना, निघण्याआधीच. चुका ठरलेल्या: पट्टा घसरून घडीवर येतो, बटण बाहेरच्या बाजूला फिरतं, किंवा बाहीवरून घालतात. बोटं निळसर पडली तर फार घट्ट झाला.

मावशी_पलासिया
आणि निघण्याआधी भरपेट पोहे-जिलबी नको, पुढच्या सीटवर बसायचं, मोबाइल बघायचा नाही. हे पट्ट्याच्या आधी.

भुलतज्ज्ञ
मावशींना अनुमोदन. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या तासभर आधी. घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

रामबागकर
तीन बोटं मोजली तर बटण नेमकं घड्याळाखाली येतंय.

शंकासुर
घड्याळ खिशात ठेवा. घाटात वेळ बघून तसंही काही होत नाही.